बॅटिंग प्रॅक्टिसला बॉल टाकताना कोचने स्वतःला कसं सांभाळावं

बॅटिंग प्रॅक्टिसमध्ये एकेका खेळाडूच्या वाट्याला दहा-बारा बॉल येतात आणि तो बाजूला होतो. कोच मात्र तास-दीड तास तिथेच, बॅटच्या थेट समोर उभा असतो. मैदानावर सगळ्यात जास्त वेळ धोक्यात असलेला माणूस तोच, आणि बऱ्याच ठिकाणी डोक्यावर हेल्मेट नसलेलाही तोच. पुण्यात बेसबॉल किंवा सॉफ्टबॉल शिकवणारे बहुतेक जण शाळेत पीटी घेणारे सर-मॅडम असतात, नाहीतर कॉलेज संपवून पोरांना शिकवायला उभे राहिलेले जुने खेळाडू. पोरांना हेल्मेट मिळावं म्हणून हे लोक धावपळ करतात, पण स्वतःसाठी जाळी मागायची त्यांना भीड वाटते. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

आधी हिशोब बघा

पिचर, म्हणजे सामन्यात बॉल टाकणारा, ज्या रबरी पट्टीवर पाय ठेवतो तिथपासून बॅटरजवळच्या होम प्लेटपर्यंतचं अंतर १८.४४ मीटर. प्रॅक्टिसला कोणी एवढ्या लांबून टाकत नाही. खांदा टिकत नाही आणि बॉलही सरळ पडत नाहीत. कोच पुढे येऊन साधारण १२ मीटरवरून, ताशी ७५-८० किलोमीटरच्या वेगाने टाकतो. अंतर कमी झाल्यामुळे बॅटरला तो बॉल पुरेसा जलद वाटतो.

आता परतीचा प्रवास. कॉलेजमधल्या चांगल्या बॅटरने बॉल नीट मारला की तो ताशी १४० किलोमीटरने सहज निघतो. म्हणजे सेकंदाला जवळजवळ ३९ मीटर. १२ मीटर अंतर कापायला त्याला लागतात सेकंदाचे तीन दशांश. डोळ्यांनी पाहून शरीर हलायला सुरुवात होईपर्यंतच माणसाला पाव सेकंदाच्या आसपास लागतो. शिवाय बॉल टाकल्यावर तुम्ही पुढे झुकलेले असता, डोकं प्लेटच्या दिशेने आणखी मीटरभर पुढे गेलेलं असतं आणि ग्लोव्ह कमरेच्या खाली असतो.

‘आमची पोरं लहान आहेत, एवढा जोर कुठला’ असं बरेच जण म्हणतात. सातवी-आठवीतल्या मुलाचा फटका ताशी ९५-९७ किलोमीटरचा धरला आणि तुम्ही त्याच्यासाठी ९ मीटरवर आलात, तरी वेळ साधारण तेवढाच मिळतो. मूल लहान म्हणून आपण पुढे येतो आणि मिळालेली सवलत तिथेच घालवतो.

२००७ च्या जुलैमध्ये अमेरिकेत माइक कूलबॉ या कोचचा मानेवर लाइन ड्राइव्ह, म्हणजे सरळ रेषेत वेगाने आलेला फटका, बसून मृत्यू झाला. ते तल्सा ड्रिलर्स संघाचे फर्स्ट बेस कोच होते, वय ३५. पुढच्या हंगामापासून मेजर लीगमध्ये बेस कोचना हेल्मेट सक्तीचं झालं. फर्स्ट बेस होम प्लेटपासून २७ मीटरवर असतो. बॅटिंग प्रॅक्टिस देणारा त्याच्या निम्म्याहून कमी अंतरावर उभा असतो, आणि एकामागोमाग शे-दीडशे बॉल टाकतो.

जाळी करून घेताना

या कामासाठी लागते ती एल स्क्रीन. चौकोनी लोखंडी चौकट, तिचा वरचा एक कोपरा कापलेला, म्हणून आकार इंग्रजी एलसारखा. त्या खाचेतून बॉल टाकायचा आणि लगेच उंच बाजूच्या आड जायचं. तयार स्क्रीन महाग वाटत असेल तर आपल्या भागातल्या कुठल्याही फॅब्रिकेटरकडे ती होते. त्याला चित्र काढून द्या आणि मापं लिहून द्या: उंची ७ फूट, रुंदी ७ फूट, खाच साधारण ३ फूट रुंद आणि वरून ३ फूट खोल. म्हणजे खाचेखालचा भाग ४ फुटांचा राहतो. उंच कोचने तो आणखी सहा इंच वाढवावा.

तुम्ही उजव्या हाताने टाकत असाल तर तुमच्या बाजूने पाहताना खाच उजवीकडे आणि उंच भाग डावीकडे हवा. बॉल सुटल्यावर उजव्या हाताने टाकणाऱ्याचं शरीर आपोआप डावीकडे झुकतं, म्हणजे आडोशाच्या बाजूला. डावखुऱ्या कोचला याच्या उलट. दुसऱ्याची स्क्रीन उसनी आणली असेल तर ही गोष्ट आधी बघा, कारण चुकीच्या बाजूची स्क्रीन तुम्हाला दर बॉलला उघड्यावर आणते.

बेसबॉलचा व्यास साधारण ७.३ सेंटीमीटर, क्रिकेटच्या बॉलपेक्षा किंचित जास्त. त्यामुळे क्रिकेटच्या नेटची भोकं चालतात, अडचण दोराच्या जाडीची असते. मैदानाभोवती लावतात ती पातळ जाळी इथे अजिबात नको. जाड दोराची घ्या आणि समोरच्या बाजूला दुहेरी बांधा. एक पदर तुटला तरी दुसरा असतो. चौकटीला जाळी प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधू नका, उन्हात त्या कडक होऊन तुटतात. नायलॉनच्या दोरीने वेटोळे घेत शिवून घ्या. खाचेच्या कडेचा पाइप ही सगळ्यात वाईट जागा, कारण बॉल त्यावर आदळून कुठेही उडतो आणि टाकताना हाताची बोटंही तिथेच आपटतात. एसीच्या पाइपवर चढवतात तो काळा फोम आणून सगळ्या पाइपांवर चढवा आणि वरून टेप गुंडाळा. पायांवर वाळूच्या गोणी टाका. मे अखेरच्या वळवाच्या वाऱ्याने अशी चौकट कोसळते.

उभं कुठे राहायचं

जाळी मार खाल्ल्यावर मागे फुगते. तिला चिकटून उभं राहिलात तर बॉल जाळीसकट तुमच्या तोंडावर येतो. स्क्रीनपासून दोन पावलं मागे सुरुवात करा. टाकताना पुढचा पाय पडेल तो जाळीच्या अर्धा-पाऊण मीटर मागे पडला पाहिजे.

जागा बरोबर आहे का हे ओळखायची एक खात्रीची पद्धत आहे. बॅटर येण्याआधी कोणाला तरी होम प्लेटवर बसवा आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये तुमचा व्हिडिओ काढायला सांगा. बॉल हातात न घेता दहा वेळा टाकण्याची कृती करा. मग दोघांनी मिळून बघा. तुमच्या हातातून बॉल सुटल्यानंतर अर्ध्या सेकंदाने तुमच्या शरीराचा जो भाग जाळीशिवाय दिसतो, तो भाग उघडा आहे. बहुतेकांचं कपाळ आणि उजवा खांदा दिसतो. स्क्रीन चार बोटं उजवीकडे सरकवली की बऱ्याचदा काम होतं.

टाका आणि आड व्हा

सगळ्या लेखातलं एकच काम करायचं ठरवलंत तर हे करा.

तुमच्या हातातून सुटलेला बॉल प्लेटपर्यंत पोहोचायला साधारण अर्धा सेकंद घेतो. हा अर्धा सेकंद तुमचा आहे. फटका बसेल तेव्हा तुमचं डोकं उंच जाळीच्या मागे पोहोचलेलंच असलं पाहिजे. फटका पाहून मग हलायचं, असं कोणी मनात धरलं असेल तर वरचा हिशोब पुन्हा वाचावा.

आड जाण्यात अडथळा आणते ती आपली नजर. कोचला बघायचं असतं, पोराचा पुढचा खांदा उघडतोय का, हात पसरतायत का, बॉल कुठे गेला. त्यामुळे मान आपोआप खाचेकडे वळते. शिकवण्याची हीच तळमळ माणसाला जाळीबाहेर काढते, म्हणून अनुभवी कोचही यात सापडतात. यावर उपाय सोपा आहे: जाळीतून बघायची सवय लावा. दुहेरी जाळीतूनही स्विंग स्पष्ट दिसतो. बारकाईने बघायचं असेल तर त्या फेरीला बॉल दुसऱ्या कोणाला टाकू द्या आणि तुम्ही केजच्या, म्हणजे बॅटरभोवतीच्या जाळीच्या, मागे उभे राहा. टाकणं आणि तपासणं एकाच वेळी होत नाही.

सवय लागण्यासाठी पहिला आठवडा तोंडाने मोजा. टाकताना ‘एक’, आड गेल्यावर ‘दोन’. पुढचा बॉल ‘दोन’ म्हटल्याशिवाय हातात घ्यायचा नाही. लय आपोआप संथ होते आणि पोरांनाही दोन बॉलमध्ये श्वास घ्यायला वेळ मिळतो. घाईघाईने सटासट टाकलेल्या बॉलांवर पोरं फक्त हात फिरवायला शिकतात.

टाकण्याआधी बॉल वर धरून बॅटरला दाखवा. तो तयार असल्याची खूण दिसली की मगच हात फिरवा.

बादली आणि खाली पडलेले बॉल

बॉलची बादली नेहमी उंच जाळीच्या मागे, ग्लोव्हच्या हाताच्या बाजूला. म्हणजे वाकाल तेव्हाही आडोशातच असाल. पाठ दुखते म्हणून काही जण बादली स्टुलावर ठेवतात, ते उत्तम. ग्लोव्हमध्ये तीन बॉल धरून टाकलेत तर दर बॉलला वाकावं लागत नाही.

जाळीवर आपटून समोर पडलेला बॉल मधूनच उचलायला जाऊ नका. हात लांब करून जाळीखालून ओढून घेणं तर त्याहून वाईट, कारण त्या वेळी तुमचं डोकं गुडघ्याच्या उंचीवर आणि खाचेच्या कडेला असतं. समोर बॉल साचले की थांबा, बॅटरला बॅट जमिनीवर टेकवायला सांगा, मग गोळा करा. पायाखाली आलेल्या बॉलवरून घोटा मुरगळणं ही या कामातली नेहमीची दुखापत आहे. म्हणून आपल्या मागची जागाही दर फेरीनंतर साफ करा.

मागून येणारा बॉल

समोरून जाळी असते, पाठीला काहीच नसतं. फिल्डिंग करणारी पोरं बॉल अडवतात आणि थेट कोचकडे फेकतात. तेव्हा कोचचं तोंड प्लेटकडे असतं. पहिल्या दिवसापासून नियम घाला: कोचच्या दिशेने बॉल फेकायचा नाही. सेकंड बेसच्या मागे एक जण बादली घेऊन उभा राहील, सगळे बॉल त्याच्याकडे जातील आणि तो फेरी संपल्यावर बादली चालत आणून देईल. त्या मुलासमोरही एक छोटी जाळी हवी आणि डोक्यावर हेल्मेट हवं. लहान मुलाला तुमच्या शेजारी बॉल हातात द्यायला उभं करणं पूर्ण बंद करा. एल स्क्रीनचा आडोसा एकाच माणसापुरता असतो.

दुसरा कोच त्याच वेळी बेसजवळच्या फिल्डरना फंगो मारत असेल, म्हणजे स्वतः बॉल उडवून बॅटने फिल्डिंगचा सराव देत असेल, तर मैदानात दोन बॉल एकदम खेळत असतात. त्याने बॅटरचा बॉल थांबल्यावरच मारावा, आणि तुमच्यापासून लांबच्या बाजूला. हे जमत नसेल तर फंगो वेगळ्या वेळी घ्या.

पुण्यातल्या मैदानांवर याहून मोठी अडचण वेगळीच असते. रविवारी सकाळी एकाच मैदानावर तीन-चार क्रिकेटचे सामने चालू असतात, कडेने आजी-आजोबा फेऱ्या मारत असतात, आणि शेजारच्या सामन्यातला फिल्डर तुमच्याकडे पाठ करून उभा असतो. प्लेट अशा कोपऱ्यात मांडा की फाऊल बॉल भिंतीकडे जातील. एक मोठा मुलगा फक्त नजर ठेवायला उभा करा. त्याने ‘बॉल!’ ओरडलं की सगळ्यांनी डोकं हातांनी झाकून खाली बसायचं. वर कोणीही बघायचं नाही. शेजारच्या संघाला सुरू करण्याआधी दोन शब्द सांगून ठेवले तर तेही ऐकतात.

फेरीचा शेवट

‘सर, लास्ट एक!’ या तीन शब्दांपासून जपा. कोचच्या डोक्यात फेरी संपलेली असते, तो जाळीबाहेर पाऊल टाकतो. बॅटरच्या डोक्यात अजून एक स्विंग बाकी असतो, कधी तो खाली पडलेला बॉल स्वतःच उडवून मारतो. त्यामुळे ‘संपलं’ हा शब्द फक्त कोचने म्हणायचा, आणि तो ऐकला की बॅटरने बॅट जमिनीवर ठेवायची. बॅट खाली गेलेली डोळ्यांनी दिसल्याशिवाय जाळीबाहेर यायचं नाही. शेवटच्या दोन बॉलांना पोरं जीव खाऊन मारतात, हेही ध्यानात असू द्या.

मधोमध मारायच्या ड्रिलला, म्हणजे बॉल पिचरच्या डोक्यावरून सेकंड बेसकडे काढायचा सराव असतो तेव्हा, नेहमीपेक्षा दोन मीटर मागे जा. तिथे चांगला फटका म्हणजे तुमच्याकडे येणारा फटका. ड्रिल चांगलं आहे, सोडू नका, पण अंतर वाढवा.

जवळून टॉस देताना

पाच-सहा मीटरवरून समोरून अंडरआर्म टॉस देतात, तेव्हा बॉल हळू असल्यामुळे सगळे निर्धास्त असतात. खरं तर इथे परतीच्या बॉलला वेळच नसतो, म्हणून स्क्रीनशिवाय समोरून टॉस कधीही नको. खाली बसून खाचेऐवजी जाळीच्या कडेने हात बाहेर काढा आणि लगेच आत घ्या. बाजूने टॉस देताना बॅटरच्या पुढे येऊ नका, कोनात बसा, आणि बॅट हातातून सुटली तर ती कुठे जाईल त्या रेषेत कोणी उभं नाही ना ते बघा. घामाच्या हातातून ॲल्युमिनियमची बॅट फार पटकन सुटते.

अंगावर काय हवं

स्क्रीन असली तरी हेल्मेट घाला. पाइपवरून उडालेला आणि केजच्या खांबावरून परतलेला बॉल बाजूने येतो. बेसबॉलचं हेल्मेट जास्तीचं नसेल तर जाळी असलेलं क्रिकेटचं हेल्मेट पुण्यात कुठल्याही स्पोर्ट्सच्या दुकानात मिळतं. काहीच नसण्यापेक्षा ते कितीतरी बरं. पुरुषांनी गार्ड घालायचाच. अंगठी, कडं, गळ्यातली साखळी घरी ठेवा.

थ्रोडाऊन देणाऱ्या क्रिकेट कोचनाही माझी कळकळीची विनंती आहे. तुमचा बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा, म्हणजे बेसबॉलच्या १४२ ते १४९ ग्रॅमपेक्षा जड. साइडआर्मने, म्हणजे बॉल फेकायच्या लांब दांड्याने, तुम्ही भर वेगात टाकता, आणि तुमच्यासमोर बहुतेकदा काहीच नसतं. हीच चौकट फॅब्रिकेटरकडून करून घ्या.

ऊन, पाऊस, अंधार

बेसबॉलच्या नियमपुस्तकात सुचवलं आहे की होम प्लेटपासून सेकंड बेसकडे जाणारी रेषा पूर्व-ईशान्येला असावी. त्यामुळे संध्याकाळचं ऊन बॅटरच्या पाठीला येतं, आणि थेट पिचरच्या डोळ्यांत जातं. आपल्याकडे सराव संध्याकाळी पाच-साडेपाचला सुरू होतो, म्हणजे तासभर ते ऊन कोचच्या तोंडावर असतं. प्रॅक्टिसपुरती प्लेट फिरवून उत्तर-दक्षिण मांडा. क्रिकेटची खेळपट्टी बहुधा तशीच असते, तिचाच अंदाज घ्या.

डिसेंबर-जानेवारीत सहा वाजताच उजेड उतरतो. बॉलची लाल शिवण टाकणाऱ्याच्या हातात ओळखू येईनाशी झाली की थांबायचं, बादलीत कितीही बॉल उरलेले असोत. पावसाळ्यात भिजलेला बॉल जड होतो आणि हातातून निसटून बॅटरच्या अंगावर जातो. त्या चार महिन्यांत टी (बॉल ठेवून मारायचा स्टँड) आणि रबरी बॉल वापरा. काळ्या मातीच्या मैदानावर चिखल बुटाला चिकटला की पुढचा पाय घसरतो आणि तुम्ही आडोशाला पोहोचत नाही.

दसऱ्याच्या सुमारास पुन्हा सुरुवात करताना जाळीचा प्रत्येक भाग हाताने ओढून बघा. दोर बोटांत घासल्यावर भुगा निघत असेल तर ती जाळी टाकून द्या, गाठी मारत बसू नका. वेल्डिंग गंजलंय का तेही पाहा.

लागलंच तर

डोक्याला बॉल लागला तर त्या दिवशीचं काम तिथेच संपलं, कितीही बरं वाटत असलं तरी. आणि ज्याला लागलंय त्याने दुचाकी चालवत घरी जायचं नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण आपल्या शहरात प्रत्येक जण गाडीला किक मारून निघतो. कोणीतरी सोबत जावं आणि रात्री सोबत राहावं. शुद्ध हरपणं, उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, बोलण्यात अडखळणं, डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसणं, यातलं काहीही झालं तर थेट हॉस्पिटल. मान दुखत असेल तर हलवू नका, १०८ ला फोन करा. डोळ्याला लागलं तर चोळायचं नाही, दाबायचं नाही, नेत्रतज्ज्ञाकडे न्यायचं.

छातीचं वेगळं आहे. छातीवर बॉल लागला आणि माणूस कोसळला, हाकेला उत्तर देत नाही, श्वास नीट चालत नाही, तर हृदयाची लय बिघडलेली असू शकते. मार फार जोराचा नसतानाही, विशेषतः मुलांमध्ये, हे घडतं. एकाने १०८ लावा, दुसऱ्याने लगेच छातीच्या मध्यावर दाब द्यायला सुरुवात करा: मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटीमीटर दबेल इतका. रुग्णवाहिका येईपर्यंत दाब देणं थांबवू नका. जवळच्या संकुलात किंवा ऑफिसात झटका देणारं एईडी यंत्र असेल तर ते कुठे ठेवलंय हे आधीच माहीत हवं. आपल्या संघातल्या दोघांनी तरी सीपीआरचं प्रशिक्षण घ्या. आणि मैदानाचं कुठलं गेट सकाळी कुलूपबंद असतं, किल्ली कोणाकडे असते, हे लिहून किट बॅगेत ठेवा.

खांदा आणि कोपर

थंड हाताने पहिला बॉल टाकू नका. मैदानाला दोन फेऱ्या, हात फिरवणं, रबर बँड, मग जवळून सुरुवात करून हळूहळू लांब. शिवणीवर आडवी पकड धरा आणि वरून सरळ टाका. प्रॅक्टिसला कर्व्ह, म्हणजे वळणारा बॉल, टाकायचा मोह नको. कोपराच्या आतल्या बाजूला दुखू लागलं किंवा करंगळी-अनामिकेला मुंग्या आल्या तर त्या दिवशी थांबा, आणि पुन्हा झालं तर डॉक्टरांना दाखवा. दमलेल्या हाताचा कोच सरळ उभा राहून टाकतो, त्याचा पाय ओढला जातो आणि आड जायला उशीर होतो. म्हणून बादल्या वाटून घ्या. एकाने सलग दोन टाकल्या की पुढची दुसऱ्याची.

हा दुसरा माणूस तयार करावा लागतो. संघातल्या मोठ्या मुलांपैकी एखाद्याला निवडा. त्याला आधी बॉलशिवाय, मग बॅटरशिवाय, मग टेनिस बॉलने टाकू द्या. शेजारी न थांबता तुम्ही प्लेटच्या मागून जाळीआडून बघा. सलग वीस बॉल तो वेळेत आड गेला की खरे बॉल त्याच्या हातात द्या. एकही चुकला तर मोजणी पुन्हा एकपासून.